आधी कुणाचं दळलंय?

आमच्या गावात दोन माणसं कोपऱ्यात बोलत उभी दिसली, की तिसऱ्याला वाटतं आपल्याविषयीच चाललंय. बहुतेक वेळा ते खरंही असतं. गाव सातारा जिल्ह्याच्या अगदी शेवटाला. ओढा ओलांडला की सांगली जिल्हा. सातारकर आम्हाला सांगलीचे समजतात, सांगलीकर साताऱ्याचे, आणि दोघंही आमच्याशी बोलताना जरा जपूनच असतात. अशा गावातसुद्धा ‘संशयी’ म्हटलं की जिचं नाव पहिलं निघायचं, ती बाई काय असेल याचा अंदाज करा.

ती हौसाआक्का. तिची पिठाची गिरणी आमच्या दारासमोरच होती. होती म्हणायचं, कारण आक्का गेली आणि गिरणीला कुलूप लागलं. नवरा फौजेतून हवालदार होऊन परत आला, त्यानं ही गिरणी घातली, आणि ती जरा कुठं बसतेय तोवर तो गेला. आक्कानं पदर खोचला, मोटारीवर पट्टा चढवायला शिकली आणि पुढची सगळी वर्षं त्या घरघरीत काढली. एकुलता एक मुलगा विलास. तोही बारावी झाल्याझाल्या भरती झाला. आमच्या भागात त्यात नवल काही नाही. उसाच्या सऱ्या तुडवत पोरं मोठी होतात आणि पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळतात.

आक्काच्या भुवयांवर कायम पीठ बसलेलं असे. त्यामुळे ती सदा चकित झाल्यासारखी दिसायची. प्रत्यक्षात तिला कशाचंही आश्चर्य वाटत नसे. डबा आला की झाकण काढून ती कोपरापर्यंत हात आत घालायची, तळातलं मूठभर धान्य वर काढायची आणि उजेडात धरून बघायची.

“आवं आक्का, निवडून आणलंय,” बाई म्हणायची.

“वरचं निवडलंस. खडा तळाला असतोय.”

खडा दगडाला लागला तर दगड खराब होतो, हे खरं. पण आक्काचा हा नियम धान्यापुरता नव्हता. निवडणुकीत एक उमेदवार तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतले आणि त्याच्यामागं हात जोडून उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला विचारलं, “ह्यो पडला तर तू कुणाकडं जाणार रं?” दुसऱ्या दिवशी विरुद्ध पक्षाचा उमेदवार आला, त्याच्या माणसालाही तिनं हाच प्रश्न विचारला. पुढं निकालानंतर पहिला कार्यकर्ता खरोखरच तिकडं गेला, तेव्हा आक्काच्या डोळ्यांत मला थोडं समाधान दिसलं. मला दिसलं म्हणजे होतंच असं नाही, पण मी संशय घ्यायला तिच्यासमोर राहूनच शिकलो.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी ती शाळेत जाऊन झेंड्याची दोरी स्वतः ओढून बघायची. एका वर्षी झेंडा अर्ध्यावर अडकला होता, तेव्हापासून. हेडमास्तर म्हणायचे, आमचा शिपाई बघतो की. “त्यो बघतोय म्हणूनच आलेय,” आक्का म्हणायची. सकाळी मात्र तोंडावरचं पीठ धुऊन, इस्त्रीचं लुगडं नेसून कुंपणाशी उभी राहायची. घोषणा कधी द्यायची नाही. झेंडा फडकला की एकदा वर बघायची आणि गिरणी उघडायला निघायची.

आता दिल्लीतल्या त्या मोठ्या नेत्याविषयी लिहायला हवं, पण त्याचं नाव मी इथं घेणार नाही. आक्काच्या गिरणीत ते घ्यायला बंदी होती आणि माझ्या तोंडाला तेच वळण लागलं. त्या नेत्यावरून गावाचे सरळ दोन भाग झाले होते. एका भागाचे पुढारी दिनकरराव. त्यांच्या देवघरात खंडोबाच्या शेजारी त्या नेत्याचा फोटो होता आणि हळद-कुंकू दोघांनाही सारखंच मिळायचं. दुसऱ्या भागाचे पोपट मास्तर, आमच्या शाळेतून रिटायर झालेले. नेत्याचं भाषण लागलं की ते टीव्हीच्या तोंडावर टॉवेल टाकायचे, पण आवाज बंद करायचे नाहीत. काय बोलतोय ते कळायला हवं ना! दोघं एकेकाळी जिवलग. हळद घेऊन सांगलीला एकाच टेम्पोत जायचे आणि येताना एकाच पानाचे दोन तुकडे करून खायचे. आता समोरासमोर आले की एकाची नजर आभाळाकडं, एकाची चपलांकडं.

दळण व्हायची वाट बघत दोघांची माणसं गिरणीतल्या बाकावर बसत आणि हळूहळू पेटत. त्यावर आक्कानं उपाय काढला होता. दगड मोकळे फिरवायचे नसतात, म्हणून तिनं किडक्या मक्याचा एक डबा बाजूला ठेवला होता. वाद वर चढला की ती तो मका ओतायची आणि खटका दाबायची. त्या आवाजात देशाचं भलं करणं कुणालाच शक्य नव्हतं. भरडा तिच्या कोंबड्यांना जायचा. निवडणुकीच्या दिवसांत त्या कोंबड्या अशा माजायच्या, की कुत्र्यांच्या अंगावर जायच्या.

आक्का स्वतः कुणाच्या बाजूची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दिनकररावांना वाटायचं ती मास्तरांची, मास्तरांना वाटायचं ती दिनकररावांची. मी एकदा सहज विचारलं, “आक्का, तुझं मत कुणाला गं?”

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुला कुणी पाठवलंय?”

मग त्या उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. तिकडून हल्ला झाला, इकडून नेत्यानं हुकूम दिला. दिनकररावांच्या पोरांनी चौकात फटाके लावले, पेढे वाटले. मास्तर दूध घेऊन चालले होते, ते थांबले आणि म्हणाले, “मारलं ते बरं झालं. पण आपली किती पोरं गेली, ते कुणी सांगंल का?”

“ह्यो सवाल तिकडचा माणूस इचारतोय,” दिनकरराव म्हणाले.

झालं. त्या एका वाक्यानं मास्तर देशद्रोही ठरले. मास्तरांच्या बाजूच्यांनी दिनकररावांना भाट ठरवलं. कोण झेंडा लावतो, कोण लावत नाही, कुणी मोबाईलवर काय टाकलं आणि मग का काढलं, यावर दोन्हीकडून पाळत सुरू झाली. माझ्या दारावरचा झेंडा जुना होता, तर एकानं विचारलं, “नवा का न्हाई आणला?” मी उत्तर देण्याआधी इकडंतिकडं बघितलं, यावरून काय ते समजा.

गिरणीत एक प्रश्न पहिल्यापासून चालत आला होता: “आधी काय दळलंय?” दगडांत आधीच्या धान्याचं थोडं पीठ राहतंच आणि ते पुढच्याच्या डब्यात पडतं. गव्हावर ज्वारी नको, बाजरीवर गहू नको, म्हणून हा प्रश्न. त्या आठवड्यात दिनकररावांची सून डबा घेऊन आली आणि तिनं विचारलं, “आक्का, आधी कुणाचं दळलंय?”

“गव्हाचं.”

“तसं न्हवं ओ. कुणाचं?”

आक्कानं पट्ट्यावरून मान वळवली. “मास्तरांचं.”

सुनेनं डबा उचलून कमरेवर घेतला. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनीही तेच विचारलं आणि तेच केलं. आक्का त्यांना एवढंच म्हणाली, “जावा सांगलीला. तितं पाकिटातलं मिळतंय. त्यात कुणाकुणाचं मिसळलंय, त्ये पाकिटावर लिवलेलं नसतंय.”

हे सगळं ती नेहमीच्याच ताठ्यात बोलत होती. पण मला एक गोष्ट खटकली. बाकावर रोज भांडणं होत होती, अगदी आईबहिणीवर जात होती, आणि आक्का मक्याच्या डब्याला हात लावत नव्हती. खरं दळणसुद्धा ती मध्येच बंद करायची आणि कान देऊन उभी राहायची. कमरेच्या पिशवीतला बटणांचा फोन बाहेर काढून बघायची, पुन्हा आत ठेवायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं. विलास वर सीमेवर होता आणि त्याचा फोन येत नव्हता. गिरणीच्या आवाजात फोन ऐकू आला नाही तर, म्हणून ती भांडणं ऐकून घेत होती. सांगलीला मुलांच्या शाळेसाठी राहिलेली सून सुनीता, तिलाही त्याचा फोन आला नव्हता. आक्कानं हे गावात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन्ही बाजूंनी त्याचं काय केलं असतं, हे तिला पुरतं माहीत होतं.

तरीही दोघं आलेच. आधी दिनकरराव. विजयाची मिरवणूक काढायची होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुढं आक्कानं आरतीचं ताट घेऊन उभं राहायचं.

“कशाला?”

“तुजा मान म्हनून, आक्का. पोरगा तुजा लढतोय.”

“विलासला भरती हून इतकी वर्सं झाली. मान आजच कसा आटवला रं दिनकर?”

ते गेले तसे थोड्या वेळानं मास्तर आले. त्यांनी तालुक्याला सभा ठेवली होती. म्हणाले, “आक्का, तुमी तिथं उभं राहून फक्त एक प्रश्न विचारा. तुमाला कुणी देशद्रोही म्हणायचं न्हाई.”

“म्हंजी सवाल तुमचा आन् तोंड माझं?” आक्का म्हणाली. “मास्तर, तुमच्या हाताखाली शिकलाय त्यो. तुमी दोघंबी माझ्या पोराच्या आडनं एकमेकांस्नी दगडं मारताय. लागंल कुणाला, ह्येचा इचार केलाय?”

मास्तरांनी चपला घातल्या आणि ते गेले.

आक्का नको म्हणाली तरी मिरवणूक व्हायचीच होती. दिनकररावांनी कऱ्हाडच्या फ्लेक्सवाल्याला फोनवरच सांगितलं: सैनिकाच्या आईला मानाचा मुजरा, मोठा नेता वर, विलासचा वर्दीतला फोटो, आक्काचा फोटो, खाली दिनकरराव आणि त्यांच्या पोरांची तोंडं. फ्लेक्सवाल्याला ‘सैनिकाची आई’ हे शब्द फिके वाटले असावेत. त्यानं आपल्या मनानं जाड अक्षरांत घातलं, ‘वीरमाता’. रात्री फ्लेक्स आला. पोरांनी आपापली तोंडं बरोबर आलीत का ते तपासलं आणि उजाडता उजाडता चौकात बांधून टाकला. वरचं कुणी वाचलंच नाही.

आमच्या भागात वीरमाता कुणाला म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या आईचा मुलगा तिरंग्यात गुंडाळून येतो, तिला. पहिल्या एसटीतल्या माणसांनी फ्लेक्स वाचला. एसटी पुढं गेली, बातमी मागं आली.

मी दात घासत दारात उभा होतो. समोरच्या बोळातून बायका यायला लागल्या, डोक्यावरून पदर घेऊन. किराणा दुकानाचं शटर अर्ध्यावरून खाली आलं. जवान गेला की आमच्या गावात चूल पेटत नाही. कौलांवरचा धूर एकेक करून बंद झाला. आक्का तेव्हा कुणाचा तरी डबा उचलून वर ओतत होती.

तिनं बायकांकडं बघितलं. त्यांच्या हातांकडं बघितलं. “दळान आणलंय?”

एकीच्याही हातात डबा नव्हता.

“मग कशाला आलाय?”

मास्तर आले आणि उंबऱ्याशीच थांबले. दिनकरराव उसाला पाणी पाजत होते, त्यांना शेतातच कळलं. चिखलानं भरलेल्या पायांनी ते पळत आले आणि दारातच हंबरडा फोडला, “आक्का, आपला इलास गेला गं!”

आक्का बसली नाही. बसली असती तर बायकांनी रडायला सुरुवात केली असती, आणि ते तिला ठाऊक होतं. तिनं रिकामा डबा पोटाशी घट्ट धरला. त्याची कडी वाजत होती.

“कोण म्हनलं?” तिनं विचारलं.

“आं?”

“तुला कोण म्हनलं?”

दिनकररावांना गड्यानं सांगितलं होतं. गडी तिथंच होता, त्याला बांधाशेजारच्या कासाबाईच्या नवऱ्यानं. नवऱ्याला दूधवाल्यानं. आक्का एकेकाकडं वळून विचारत होती, आवाज न चढवता, आणि प्रत्येक जण पुढच्याकडं बोट करत होता. पोलीस पाटलाकडं निरोप आलाय का? नाही. तहसीलदाराचा माणूस? कुणी पाहिला नव्हता. सुनीताला विचारलंय? कुणाची छाती झाली नव्हती. शेवटी दूधवाला म्हणाला, “आवं, चौकात लिवलंय की. भल्या मोठ्या फ्लेक्सवर.”

दिनकररावांचं रडणं मध्येच तुटलं. “चौकातला फ्लेक्स?” ते म्हणाले. “त्यो तर माझाच हाय.”

आक्का पुढं आणि तिच्यामागं सगळं गाव, असे आम्ही चौकात गेलो. आक्काला वाचता यायचं, पण सावकाश. तिनं मान वर करून एकेक अक्षर लावलं. वी. र. मा. ता. वाचून झाल्यावरही ती तिकडंच बघत राहिली. आपल्या मुलाच्या फोटोसमोर उभी असलेली आई मी पुष्कळदा बघितली आहे, पण ‘हा आहे की नाही’ हे फोटोलाच विचारणारी आई मी त्या दिवशी बघितली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“आक्का, मी न्हाई गं ते लिवलं. मानच करायचा हुता,” दिनकरराव म्हणत होते.

“उतरव.”

शिडी आणली. दिनकरराव वर चढले, तशी ती हलायला लागली. शिडी कुणीतरी धरायला हवी होती. मास्तर पुढं झाले आणि त्यांनी धरली. इथून दोघं पुन्हा बोलायला लागले, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. नाही लागले. मास्तरांनी शिडी धरली तीसुद्धा तोंड दुसरीकडं करून, आणि दिनकरराव उतरताना दर पायरीला खाली बघत होते, की हा सोडतो की काय.

फ्लेक्स खोटा ठरला म्हणून विलास सुखरूप ठरत नव्हता. उलट आतापर्यंत आक्कानं एकटीनं दाबून धरलेली भीती आता सगळ्या गावाला कळली. सुनीता मुलांना घेऊन आली. मिरवणूक रद्द झाली. गिरणी बंद राहिली आणि लोक बाकावर, पायरीवर, पोत्यांवर बसून राहिले. दिनकरराव एका टोकाला, मास्तर दुसऱ्या. मी खरं सांगतो, त्या दिवशी गावात नेत्याचं नाव कुणी घेतलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलता कलता आक्काच्या कमरेत फोन वाजला.

“आई, मी इलास.”

“कोण इलास?”

पलीकडं तो काहीतरी बोलत होता, हसत होता. सुनीता रडायलाच लागली. “आई, त्येंचाच आवाज हाय,” ती म्हणाली. आक्कानं फोन कानापासून लांब धरला. “आवाजाचं मला नगं सांगू. परवा माझ्या भाच्याचा आवाज काढून एकानं बँकेचा नंबर मागितला हुता. मास्तर, तुमच्या मोबाईलवर तोंड दिसतंय न्हवं? ह्येला म्हनावं, त्याच्यावर कर.”

मास्तरांनी नंबर सांगितला, मोबाईल वाजला तसा आक्कासमोर धरला, पण तो कलायला लागला. दुसऱ्या बाजूनं दिनकररावांनी धरला. मग पडद्यावर विलास आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, मागं पत्र्याची भिंत.

“हात दाकव,” आक्का म्हणाली.

त्यानं हात वर केला.

“दुसरा.”

त्यानं दुसराही दाखवला. “बरा हाय गं मी. लाईनी बंद हुत्या, फोन लागत नव्हता...”

“बोटं हलीव. पाय दाकव आता. फोन तितं ठेव आन् चालून दाकव.”

“आई, पोरं हसाय लागल्यात हितं.”

“हसूं द्यात. चाल.”

त्यानं फोन कशावर तरी टेकवला आणि तो भिंतीपर्यंत चालत गेला. आक्का पडद्याला नाक लागेल इतकी पुढं वाकून त्याची पावलं बघत होती. डबा उघडल्यावर बघायची, तसंच.

“तसाच हुबा ऱ्हा. वळू नगंस. पाठ बघू दे.”

तो पाठमोराच उभा राहिला. आक्कानं ती पाठ कितीतरी वेळ बघितली. मग ती होती तिथंच खाली पिठात बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम रडून टाकायला लागली. मला आक्का आठवते ती अशीच. दिनकरराव आणि मास्तर दोन्हीकडून फोन धरून उभे होते. विलास तिकडं हुकूम मिळाल्यासारखा भिंतीकडं तोंड करून ताठ उभा होता.

“आई,” तो विचारत होता, “वळू का आता?”